झोयाच्या धापेची चिठ्ठी

सकाळी बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या नर्सबाईंचा फोन आला, "झोयाला धाप लागलीय, लगेच या." शाळेच्या फॉर्मवर तर मीच लिहिलं होतं, 'आजार: काही नाही.' दमा म्हटलं की लोक मुलीच्या लग्नापर्यंत पोचतात, म्हणून दम्याचा पंपसुद्धा मी घरी कपाटात लपवायचे.

तो घेऊन रिक्षाने शाळेत पोचले, तर झोया खाटेवर बसून आरामात पाय हलवत होती.

मी म्हटलं, "नर्सबाई, हिला जरा सर्दी असते."

"हो का? मग सर्दीसाठी हॉस्पिटलने मला चिठ्ठी आणि पंप कशाला पाठवला? चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे दिला, म्हणून बसलीय."

तेव्हा आठवलं, मागे धाप लागली म्हणून झोयाला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, तिथे डॉक्टरांनी शाळेचं नाव विचारून एका कागदावर माझी सही घेतली होती. घाबरून मी तो वाचलाच नव्हता.

मला रडूच कोसळलं.

"अहो, रडू नका. तुम्हाला धाप लागली तर तुमची चिठ्ठी नाही माझ्याकडे!"

तुमच्या ओळखीत कुणी आई मुलाचा दमा लपवत असेल, तर तिला माझी ही फजिती जरूर सांगा.