घराण्याची वाईन

रत्नागिरी स्टँडवर हेदवीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या आर्याच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं.

"राजाभाऊ, लेकीला बघायला नाशिकची मंडळी आली होती ना? तुमची वाईन दिलीत?"

"दिली तर. जांभूळ नि करवंद, निम्मं निम्मं. वर सांगितलं, आमच्या घराण्यात चार पिढ्या हेच चालतं."

"अहो, त्यांचा वाईनचाच धंदा."

"ते नंतर कळलं. मुलाच्या वडलांनी एक घोट घेतलानी, डोळे मिटलेनी. मग हळूच म्हणाले, याचं व्हिनेगर झालंय. मग काय, कबूल केलं. आमची परंपरा गेल्या मे महिन्यात यूट्यूब बघून सुरू झाली."

"म्हणजे सोयरीक मोडली."

गाडी लागली होती. आर्या उठली नाही.

"छे, ठरली. आमचीही पहिली वाईन अशीच बिघडली होती, म्हणाले. जाताना विहीणबाईंनी दोन बाटल्या मागून घेतल्या, लोणच्याला."