नाक्यावर पकडलेला बादामदरा

नाही गं प्रतिमा, मारलं-बिरलं नाही कुणी! — बस ना, विरजण देते, पळतेस कुठे — उलट तो ठाणेदारच म्हणे शेवटी यांच्यापुढे हात जोडून उभा. त्यानंच सांगितलं मला सगळं, दारात उभं राहून. झालं असं, आमचे हे मोहालीहून स्कूटरवर येत होते. दिवस हे असे, आज इथे बाँब, उद्या तिथे गोळीबार, हद्दीवर नाका असतोच. डिकी उघडली तर आत नकाशा! हातानं काढलेला — नदी, पूल, चौकी, सगळं लाल शाईत आणि नावं फारसीत. नेलं ठाण्यात. टेबलावर मूठ आपटून विचारलं, "ये कौन सा इलाका है? सब सच-सच बता!"

आता तू इथे नवीन, तुला काय कल्पना. लग्नानंतर हे दोन वर्षं अफगाणिस्तानात होते, सरकारनं पाठवलेलं, कालवा बांधायला. बादामदरा म्हणून तालुका आहे. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणा टिकत नाही. आमटी वाढली की यांची नदी सुरू! माझी सख्खी बहीण अर्ध्या पानावरून उठलीय. आणि इथे खुद्द पोलीस विचारतायत — आनंदाला पारावार नाही! खुर्ची ओढून बसले, म्हणाले, वरून सुरू करू. वर बर्फाचे डोंगर, खाली जर्दाळू, मग सपाटीला गहू नि टरबुजं — मधे तुती, ती हे हमखास विसरतात, मलाच आठवण करावी लागते. वरच्या नि खालच्या गावांचं पाण्यावरून पिढीजात वैर, म्हणून तर कालवा. मी? छे, मी कुठली जातेय तिथे! ऐकून ऐकून, दुसरं काय. मग राजाला घालवलं, मग ज्यानं घालवलं त्यालाच मारलं, मग रशियन आले, त्यालाही आता आठेक वर्षं झाली — खाली फौजेची चौकी, वर डोंगरात बंदूकवाले, मधे यांचा कालवा. ठाणेदाराचा चहा गार, हवालदार पेंगलेला. "बस करो जी, घर जाओ," म्हणाला बिचारा. हे म्हणतात, "अभी सर्दी का मौसम बाकी है!"

हस, हस. पण मग उठता उठता ठाणेदारानं सहज विचारलं. वयस्क सरदारजी, तरनतारनकडचे, त्यांचंही गाव निम्मं रिकामं झालेलं म्हणे. "साहब, उस नहर का पानी अब कौन लेता है?"

आणि हे नकाशाची घडी घालायला लागले. मग म्हणाले, "कोई नहीं."

पळाले ना गं सगळे पेशावरला, वरचे काय नि खालचे काय. कालवा गाळानं भरला. यांना ठाऊक होतं सगळं — पण आजवर कुणी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं, मग तिथवर यायची वेळच आली नाही. आम्ही सगळे आधीच उठून जायचो. बरं करायचो म्हणायचं आता.

जीपनं आणून सोडलं त्यांनी. त्या दिवसापासून घरात शब्द नाही. परवा मुद्दाम आमटी केली, वाढली, वाट बघत बसले — नुसते जेवले. मीठ घालायचं राहिलं होतं, तेही बोलले नाहीत. मलाच मेलीला करमेना.

फाटक वाजलं का? आलेच हे. ऐक, आता जाऊ नकोस, जेवूनच जा. आणि सहज विचार, काका, तिकडची माणसं कशी होती हो? — एवढंच. पुढचं ते बघतील. फक्त शेवटापर्यंत जाऊ देऊ नकोस हं, मधेच एक चांगली मोठी जांभई दे — शू! गप्प.