समोरचं दिसतं, बाजूचं नाय

माझं माहेर वैजापूरकडचं, लग्न करून मुकुंदवाडीत आले. मालक वारले तवा त्यांची शाळेची व्हॅन दारात उभी व्हती, दीर म्हणला इकून टाक वहिनी, मी म्हणलं इकायची कामून, शिकते की. आठ वर्सं पोरं नेली, कुणाला खरचटलंबी नाय.

मग गेल्या वर्षी, काय सांगू तुम्हाला, सकाळची येळ, उस्मानपुऱ्यात वळत व्हते, रस्ता साफ मोकळा, आन् मागून पोरी एकदम वरडल्या, मावशी थांबा, थांबा. ब्रेक मारला. उतरून बघते तर डाव्या चाकापाशी एक आजी, हातात दुधाची पिशवी, वीतभर अंतर राहिलं आसंल. म्हणली, आंधळी हाय का गं? मी म्हणलं नाय ओ आजी. पण खरं सांगते, ती मला दिसलीच नव्हती. अंधुक नाय, काळं नाय, तिथं कुणी नव्हतंच.

डोळ्याच्या दवाखान्यात पाटीवरची शेवटची बारीक ओळबी घडाघडा वाचली. वाटलं सुटले. पण डॉक्टरीणबाईनं एका मशीनपुढं बसवलं, म्हणल्या एकटक समोर बघा, कुठंबी ठिपका चमकला की बटण दाबा. लई येळ काही चमकंचना. मी म्हणलं बाई, मशीन बंद पडलं का? त्यांनी मशीनमधनं निघालेला कागद बघितला. मग म्हणल्या, ताई, मशीन चालूच व्हतं. काचबिंदू हाय. समोरचं शाबूत हाय, बाजूचं गेलं, गेलेलं येत नाय, उरलंय ते औषधाच्या थेंबांनी राखायचं. मी म्हणलं, आन् गाडी? त्या म्हणल्या, आता गाडी नाय चालवायची.

दिराला पटंना. सुईत दोरा ओवती तू, आंधळी कशी? आंधळी नाय रे बाबा, पुरती डोळसबी नाय, मधलं हाय. मग म्हणला, कुणाला कळतंय, चालव गुपचूप. एक दिवस चावी मुठीत धरून बसलेबी, खोटं कशाला बोलू. पण ती आजी डोळ्यापुढून हालंना. त्याच दिवशी चावी जावेच्या हातात दिली, म्हणलं चल, शिकवते.

लेकीलाबी तपासायला नेलं, रक्ताच्या नात्यात येतं म्हणत्यात. ती मशीनपुढं, मी मागं, नजर तिच्या अंगठ्यावर, दाबती का, दाबती का. दाबत व्हती बाई, भराभर दाबत व्हती. मी तिथंच भुईवर बसले.

आता जाऊ गाडी चालवती, मी पोरं उतरवते. मान पार खांद्यापर्यंत फिरवून दोन्हीकडं बघते, मगच हात सोडते. पोरं म्हणत्यात मावशी घुबडावानी बघती. हसू द्या. सुखी राहू द्या लेकरं.