पवळ्या कोणाचा बैल

माहा जनम दर्यापूरच्या अंगच्या एका खेड्यातला, बाप कास्तकार, मीही कास्तकार, दुसरं काय असणार बाप्पा. दरसाल कापूस बैलबंडीत भरायचा आन् अकोल्याच्या बाजारात न्यायचा. तथी हर्रासात, म्हणजे लिलावात, आपली पाळी यायले कधी दिवस जाये, कधी दोन, तवर आमी आपापल्या बंडीखाली सावलीले पडून राहत होतो. आन् काय सांगू तुमाले, तथी जे बोलणं चाले ना, तसं म्या पुन्हा कुठी आयकलं नाई. एक जण या बंडीखालून बोले, दुसरा चार बंड्या सोडून उत्तर दे. तोंड दिसे नाई, नाव-गाव कोणी विचारे नाई. पटलं तर हो म्हणत, नाई पटलं तर शिव्या देत आन् हसत.

माहं बोलणं लोकायले पटे. गोष्ट होती पाण्याची. बाजारात ढोरायले पाणीच नोतं. माहा पवळ्या बैल एका साली तथीच तहानेनं बसला तो उठलाच नाई, ऐन उमेदीतलं जनावर. तवापासून मी बंडीखालून म्हणत राहिलो, का आपण सारे मिळून बाजाराच्या साहेबाकडे जाऊ, हौद बांधल्याबिगर कापूस उतरवणार नाई म्हणू. लोक म्हणत, बरोबर बोलून राहिला हा. मूर्तिजापूरकडचे एक म्हातारे होते, नामदेवभाऊ, त्याईचा आवाज मी लय वर्षं आयकला, नाव मागून समजलं. ते म्हणाले, जाऊ सारे, तूच बोल.

मंग आलं इलेक्शन. मी वेगळ्या विदर्भाचा. आमचा वऱ्हाड मुंबईले जोडू नये असं मले वाटे, आजही वाटते. म्या बंडीवर झेंडा बांधला, लपवाचं काहून. त्या हप्त्यात तेच हौदाचं बोललो, पवळ्याचंही सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाई, तर लोक बंडीखालून वाकून माहा झेंडा पायू लागले. मंग कोणी म्हणे, हौदाच्या आडून विदर्भ मांगून राहिला. कोणी म्हणे, याले कोणी पाठवलं. अरे, मी ढोराचं बोलून राहिलो. आन् आमचे विदर्भवाले, ते तर त्याहून वरचे, हौदाचं आयकतच नोते, नुसते वाहवा करत.

नामदेवभाऊ वाकून माह्या बंडीखाली आले. म्हणाले, बाबू, बोलणं तुह्यं खरं हाय, पण आता ते तुह्या तोंडून कोणी आयकणार नाई. मी म्हटलं, मंग तुमी बोला. झेंडा काढ म्हणाले असते तर म्या काढला नसता, पण तसं ते म्हणाले नाई, माणूस चांगला.

ते बोलले. माहेच शब्द. पवळ्याची गोष्टही आपल्याच बैलाची म्हणून सांगितली त्याईनं, न सांगून कसं चालते. सारे उठले, विदर्भवाले, महाराष्ट्रवाले, सारे साहेबाकडे गेले. मीही गेलो, मागून. पुढच्या साली हौद झाला.

आता महाराष्ट्र होऊनही चार-पाच वर्षं झाली. मी बाजारात जातो, बंडीखाली पडतो, आयकतो, बोलत नाई. बोलावं तर पहिले वाकून पायतात, कोण हाय, कोणाकडचा हाय. हौद झाला याचा आनंद हाय बापू, खोटं काहून सांगू. ढोरं पोटभर पाणी पितात, पिवोत, साऱ्यायची सुखी राहोत. पण बैल माहा मेला होता. मी सांगितलं तवा लोक म्हणाले, इलेक्शनचं हाय. नामदेवभाऊनं सांगितलं तवा रडले.