उघडा बोर्ड

बाप : हसू नको तर काय करू? टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, कपाटाला कडी, आता प्रत्येक प्लगला झाकण! मूल वाढवतेस की तिजोरी राखतेस?

लेक : हसा. पण सोमवारी मी कामावर रुजू होणार. नातू तुमच्याकडे राहायचा असेल, तर हे सगळं पाळावं लागेल.

बाप : मला शिकवतेस? चाळीस वर्षं वायरमन होतो मी. अर्ध्या गावातली वीज या हातांनी जोडलीय.

लेक : आणि हा माझा हात? शॉक बसल्यापासून ही दोन बोटं वळत नाहीत.

बाप : तुझ्या आईचं लक्ष नव्हतं. बाईसाहेब दारात गप्पा छाटत होत्या. कितीदा सांगू?

लेक : तेच लहानपणापासून ऐकतेय. पाहुणे आले की तुम्ही तीच टेप लावायची आणि आईनं खाली मान घालून चहा ओतायचा. वायरमनच्या घरात जमिनीलगतचा बोर्ड उघडा कसा, हे कुणीच विचारलं नाही. आज मी विचारतेय.

बाप : पोलीस लागून गेलीस का?

लेक : या बाळाची आई आहे. सांगा.

बाप : एका गिऱ्हाइकाकडे बोर्ड झाकायची प्लेट कमी पडली. दुकान बंद. म्हटलं, घरची काढून नेतो, उद्या दुसरी बसवतो.

लेक : आणि उद्या?

बाप : आठ दिवस गेले. तुझी आई रोज मागे लागायची. मी म्हणायचो, वायरमन तू की मी?

लेक : वा! चूक तुमची आणि खापर तिच्या माथ्यावर. लाज नाही वाटली?

बाप : आता उकरून काय मिळणार? तुम्हा लोकांना हल्ली मोकळेपणानं बोलायचं खूळच लागलंय.

लेक : माझ्याशी नका बोलू. आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतेय. तिच्याशी बोला. मग सोमवारचं बघू.

बाप : पस्तीस वर्षांनी? काय सांगू तिला?

लेक : आत्ता मला सांगितलंत तेच.

बाप : ती काय म्हणेल...

लेक : तिनं पस्तीस वर्षं ऐकून घेतलं. तुम्ही पाच मिनिटं ऐका.

(बाळ भिंतीकडे रांगत निघतं. लेक त्याला उचलून घेते.)

बाप : तू तरी चल बरोबर.

लेक : मला नाही जमणार. याच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं ना.