दोन कागदी पिशव्या

"हॅलो?... हो, मीच. दुसरं कोण असणार या घरात."

लेन ड्रोबनीने सूपचं भांडं शेगडीवरून उतरवलं आणि भिंतीवरच्या फोनची वायर ताणत तो खुर्चीत बसला. सोमवारची दुपार होती. त्याची मुलगी मार्नी दूरच्या टुसान शहरातून बोलत होती. ती एरवी रविवारी फोन करायची. सोमवारी केला म्हणजे काहीतरी झालं होतं.

"मला काय होतंय... कोण, मी? टीव्हीवर?... छे. काल घरीच होतो. सरोवरावरून असलं वारं सुटलं होतं, कुत्रंही बाहेर पडलं नाही... अगं, डोक्यावर पिशवी घातलेली माणसं स्टेडियममध्ये शेकड्यांनी असतात. ओळखू येऊ नये म्हणूनच घालतात ना."

निदान पिशव्यांचं तरी खोटं नव्हतं. ईरी सरोवराच्या काठची ही जुनी रीत. गावची अमेरिकन फुटबॉलची टीम फारच हरायला लागली की लोक किराणा दुकानाची खाकी पिशवी डोक्यावर चढवतात, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडतात आणि सामना संपेपर्यंत गारठत बसतात. लाज वाटते, पण घरी जाण्याइतकी वाटत नाही. या मोसमात टीम सोळा सामन्यांत एक जिंकली होती, आणि तोही समोरच्यांनी आग्रह केला म्हणून.

"टोपी? कसली टोपी?... एक कान जांभळा, एक हिरवा... हं."

लेनच्या बायकोने, डोरीनने, ती टोपी विणायला घेतली तेव्हा जांभळी लोकर अर्ध्यात संपली, आणि पुन्हा दुकानात जायचा तिला कंटाळा आला. तशी टोपी जगात दुसरी असणं शक्य नव्हतं. काल ती लेनच्या डोक्यावर नव्हती. शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्राचे बोळे भरून दुसरी पिशवी बसवलेली होती, तिच्या डोक्यावर होती. समालोचक पोट धरून हसले होते म्हणे. बिचाऱ्याचा दोस्तसुद्धा कागदाचा, असं काहीतरी.

"हसू दे ना, त्याचाच पगार घेतात ते... नाही, प्यायलो नव्हतो. एक बिअर. तीही गोठली... अगं ऐक ना. ऐक तर. तू समजतेस तसं नाही काही. मोसम असा गेला ना, की वरच्या रांगेतले लोक खाली सरकतात. रिकामी खुर्ची दिसली की येतात आणि विचारतात, इथे कोणी आहे का... हो, विचारतात. प्रत्येक सामन्याला. काल... काल कोणी विचारलं नाही."

लेन वायरचा पीळ सोडवत बसला. डोरीन मार्चमध्ये गेली. त्यानंतर मोसमाची तिकिटं घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने सवयीने दोन घेतली होती. एक विकून टाका, असं मार्नी तेव्हाच म्हणाली होती. हो हो, विकतो, असं तोही म्हणाला होता.

ड्रोबनींच्या घरात अशी शांतता पसरली की फुटबॉलचा विषय काढतात. डोरीनच्या दफनानंतर बाप-लेक गाडीत बसले, तेही बचावफळीवर बोलत. आता मार्नीने कोच काढला. तिचं म्हणणं होतं की येत्या रविवारचा शेवटचा सामना हरायचा. या खेळात तळाला राहणाऱ्याला बक्षीस असतं. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, कॉलेजांतून आलेल्या नव्या पोरांमधला पहिला पोरगा त्याने निवडायचा. तेव्हा म्हाताऱ्या टॉलिव्हरला बाकावर बसवावं, चेंडू फेकायचं काम त्या कोवळ्या बदलीवाल्याला द्यावं, आणि बोभाटा न करता हरावं.

"म्हणजे मुद्दाम... तू त्याला काहीही नाव दे, मुद्दामच ते. टॉलिव्हरचे गुडघे गेलेत, मान्य. हात आहे ना अजून?... कोचला अक्कल नाही हे मी सप्टेंबरपासून सांगतोय. तेव्हा तूच म्हणालीस, त्याला वेळ द्या... हो, हो, पहिली निवड. मागेही मिळाली होती पहिली निवड. काय उचललं? आता तो गाड्या विकतो... चांगल्या विकत असेल, मी कुठे नाही म्हणतो."

मार्नी म्हणाली, डॅड, जरा पुढच्या वर्षाचा विचार करा.

"तुझी आईपण हेच म्हणाली होती. गेल्या डिसेंबरात, इथेच बसून. पुढच्या वर्षी टीम उठेल बघ, म्हणाली. मी म्हटलं, उठेल... नाही गं. सूपची वाफ आहे."

त्याने भांडं उगाच थोडं लांब सरकवलं.

"बरं... रविवारी तू काय करतेयस?... नाही, असंच. तिची खुर्ची आहेच, म्हटलं... हो, ड्यूटी. हो ना, नाताळची सुट्टी घेतलेल्यांच्या जागी कोणीतरी लागणारच... विमानंही भरलेली असतील. मी आपलं विचारलं... पुढच्या वर्षी. हो. चालेल. पुढच्या वर्षी."

हे दोन शब्द कसे म्हणायचे, हे या गावच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मार्नीलाही बहुधा ते ऐकवलं नाही. ती घाईघाईने म्हणाली की हॉस्पिटलमध्ये नर्सेसच्या खोलीत टीव्ही आहे, रविवारी ती सामना बघणारच आहे. कॅमेरा आला तर डॅडनी पिशवी काढावी. नीट जेवतात की नाही, ते चेहऱ्यावरून तिला कळेल.

"पिशवी काढली तर कॅमेरा येईल कशाला? माझ्यासारखे म्हातारे तिथे ढिगाने पडलेत. पिशवीवाल्यांकडेच येतात ते. आणि तेसुद्धा टीम मार खात असेल तेव्हा. जिंकत असलो तर आम्हाला कोण..."

तो थांबला. रविवारी टॉलिव्हर खेळला आणि त्याचा हात चालला, तर सगळे कॅमेरे टॉलिव्हरवर राहतील. मार्नी टुसानमध्ये बसून टॉलिव्हर बघेल.

"मार्नी... आहेस ना?... ऐक. त्या पोरालाच खेळवू दे. टॉलिव्हर बसू दे बाकावर... नाही, तुझंच बरोबर आहे. विचार केला मी. हरलेलं बरं. चांगलं सपाटून हरू दे."

मार्नीचा आवाज खुलला. जन्मात पहिल्यांदा डॅडनी फुटबॉलमध्ये तिचं ऐकलं होतं. पहिल्या निवडीचं मोल त्यांना एकदाचं पटलं, असं ती म्हणाली.

"हो, हो... पहिली निवड. तेच... आमची बाजू सरोवराकडची, खालून सातवी-आठवी रांग. टोपी असेलच... जेवतोय गं, हे काय, समोरच आहे. ठेव आता, तुला उशीर होईल... तू ठेव आधी... बरं बाई, मी ठेवतो."

त्याने फोन ठेवला. सूप गार झालं होतं. सिंकखालून त्याने दोन खाकी पिशव्या काढल्या, एक शेजारच्या खुर्चीसाठी नेहमीसारखी कापली, आणि आपल्या पिशवीला डोळ्यांची भोकं पाडून झाल्यावर कात्री परत हातात घेतली. मग ती भोकं भुवयांच्या वरपासून गालांच्या खालपर्यंत कापत नेली. पिशवी पिशवीच राहील, याची काळजी घेत.