नाएफचा हात

—बसा हो दादा, थाळी काय पळून जातेय? चहा घ्या आधी. मरमिया घातलाय, पोटाला बरा. कुतैबानं बोलावलं ना तुम्हाला? माझा थोरला. गच्चीवर सौर पत्रे बसवायचेत त्याला, आणि बापाची ही अँटेनाची थाळी आडवी येते. भंगारात द्या म्हणाला. नवऱ्यामागची माझी इद्दत संपेपर्यंत थांबला, चार महिने दहा दिवस, तेवढी लाज राखली म्हणायची.

टीव्हीची? छे! टीव्हीला एवढी लागते होय? ही चंद्राची. हसा, हसा — अख्खं इर्बिद हसायचं. इथून रेडिओच्या बटणावर टकटक करायची, ती चंद्रावर आपटून अडीच सेकंदांत परत — आणि तिकडे फिनलंडमधल्या तौनोलाही, असल्याच एका रेडिओवाल्याला, ऐकू जाते. बोलणं नाही, नुसती मोर्सची टकटक. पण हात ओळखतात ते लोक, आपण एखाद्याचं अक्षर ओळखतो ना, तसा. नवरा गेला तेव्हा पत्रांचा ढीग आला — नाएफसारखा हात पुन्हा होणे नाही, म्हणे. कुतैबानं चौकटी करून लावलीत खाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवतो.

नाएफ? त्याला कुठला एवढा धीर! परवाना त्याच्या नावचा, थाळी त्यानं बांधली, सगळं खरं — पण त्या खरखरीतून बारीकशी टकटक हुडकायची म्हणजे — दहा मिनिटांत घोरायला लागायचा. मग कोण बसणार तिथे? बारा वर्षं... जाऊ द्या. साखर पुरे ना?

इद्दतीत एकदा राहवलंच नाही हो. भर दुपारी चंद्र वर होता. नावगाव दिलं नाही, चार अक्षरं टकटकली नुसती. लगेच तौनोचं आलं — हा तर नाएफचा हात, तू कोण? काय सांगू? मेलेल्याचं नाव लावता येत नाही, आणि माझं तर कुठल्या कागदावरच नाही. बंद केलं मशीन आणि ढसाढसा रडले. माझ्याच हातासाठी जगभर शोक चाललाय, दादा, आणि हात हा इथे, तुम्हाला चहा ओततोय!

मुलाला सांगू म्हणता? त्याच्या चौकटी उतरवायला लावू? बाप तेवढाच उरलाय त्याच्याकडे.

द्या तो पाना. जोर नका लावू — उलट्या आट्यांचा बोल्ट आहे हा, मीच आवळला होता. सुटला बघा. उचला आता, न्या. आणि खाली कुतैबानं काही विचारलं तर सांगा — तुमच्या आईला यातलं काही कळत नाही.